शंभर, पन्नास, वीस, दहा : गिरणी-निरीक्षकाच्या वहीतला एक आकडा

१/ मुलाला डॉक्टरसमोर उभे केले जाई. डॉक्टर त्याला तोंड उघडायला सांगे, दुधाचे दात किती पडले, पक्क्या दाढा कोठवर आल्या हे पाही, कधी उंची मोजी आणि कागदावर एक आकडा लिही. ते मूल मुंबईच्या कापडगिरणीत दिवसाचे किती तास उभे राहणार, की मुळीच उभे राहणार नाही, हे त्या आकड्यावर ठरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोकणातून आणि घाटावरून मुंबईत आलेल्या कुटुंबांकडे जन्माची नोंद क्वचितच असे. म्हणून वय ठरवण्याचा अधिकार सरकारने डॉक्टरच्या नजरेवर सोपवला होता.

२/ दातांवरून वय ओळखण्याची ही रीत विलायतेतून आली. १८३७ साली एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने ब्रिटिश संसदेपुढे एक पुस्तिका ठेवून, कारखान्यातील मुलांचे वय ठरवण्यास उंचीपेक्षा दात अधिक विश्वसनीय आहेत, असे प्रतिपादन केले होते. त्याआधी चार वर्षे, १८३३ च्या कायद्याने, इंग्लंडमध्ये पगारी कारखाना-निरीक्षक हे पद निर्माण झाले होते. संपूर्ण देशासाठी निरीक्षक होते चार.

३/ या धाग्याचा विषय आहे हा दाखला, तो तपासणारा निरीक्षक, आणि त्या दोघांहून महत्त्वाचा ठरलेला एक आकडा. किती माणसे एकत्र काम करू लागली म्हणजे त्या जागेला कायद्याने ‘कारखाना’ म्हणायचे? आकडा लहान असेल तर निरीक्षकाला दार उघडावे लागते. मोठा असेल तर दाराआड काय चालले आहे हे पाहण्याचा अधिकारच कोणाला उरत नाही.

४/ भारतात सरकारी तपासणी प्रथम माणसांच्या वाट्याला आली नाही, यंत्रांच्या वाट्याला आली. १८६३ साली कलकत्त्यात बाष्पकाचा, म्हणजे बॉयलरचा, भीषण स्फोट होऊन अनेक जण मृत्युमुखी पडले. दुसऱ्याच वर्षी बंगालच्या कायदेमंडळाने कलकत्ता शहर व उपनगरांतील बॉयलर तपासण्याचा कायदा केला. मुंबईसह इतर प्रांतांनीही पुढे आपापले कायदे केले.

५/ यात मुंबईचे एक वैशिष्ट्य होते. बंगालच्या कायद्यात बॉयलर म्हणजे काय याची व्याख्यासुद्धा नव्हती. मुंबईचा कायदा मात्र बारीकसारीक तपशिलात शिरणारा होता आणि बॉयलर दाखलाधारक माणसाच्याच ताब्यात असावा, अशी तरतूद त्यात होती. अर्थात भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाची पात्रता सरकार तपासू लागले. त्याच इमारतीत, भिंतीपलीकडे, साच्यांमधून धावणाऱ्या सात-आठ वर्षांच्या पोराकडे पाहण्याची जबाबदारी अद्याप कोणाचीच नव्हती. बॉयलर फुटला तर मालकाचे नुकसान होते. पोर थकले तर दुसरे मिळत होते.

६/ कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या वीस वर्षांत अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी, तिचा बोजवारा आणि त्यानंतरची सावकाश वाढ असे सारे मुंबईने पाहिले. सूर्य उगवला की काम सुरू, मावळला की बंद, मध्ये अर्ध्या तासाची सुटी. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. उन्हाळ्यात दिवस मोठा असल्याने मजुरीचे तासही वाढत.

७/ १८७५ साली मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष होते मुंबईचे कलेक्टर फॉर्स्टर फिट्झजेराल्ड आर्बथनॉट. (हेच गृहस्थ पुढे १८८३ मध्ये रिचर्ड बर्टन यांच्यासह कामसूत्राचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करण्यात सहभागी होते. इतिहासातील माणसे एकाच दालनात मावत नाहीत.) आयोगात गिरणीमालक बसले होते. कायद्याची गरज नाही, असा बहुमताचा निष्कर्ष निघाला. साधासा कायदा तरी असावा, असे म्हणणारे दोघेच निघाले : स्वतः आर्बथनॉट आणि डॉ. थॉमस ब्लेनी.

८/ १८७८ मध्ये सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी सुधारकाने मुंबई कायदेमंडळात स्वतःचे विधेयक आणण्याचा प्रयत्न केला. सरकारने परवानगी नाकारली. तरी विषय दबला नाही, कारण त्याला एक दूरचा आणि बराच स्वार्थी पाठीराखा मिळाला होता : मँचेस्टर.

९/ मुंबईच्या गिरण्या स्वस्त सूत काढीत आणि लँकशायरच्या मालाशी स्पर्धा करीत. इंग्लंडातील गिरण्यांवर कायद्याचे बंधन होते, मुंबईच्या गिरण्यांवर नव्हते. त्यामुळे मँचेस्टरच्या व्यापारी मंडळींना भारतीय बालकामगारांविषयी अचानक कणव वाटू लागली. त्याच सुमारास विलायती कापडावरची आयातजकात १८७९ मध्ये अंशतः आणि १८८२ मध्ये जवळपास पूर्ण उठवली गेली. या दोन घटना एकत्र ठेवल्या की संशय येणे स्वाभाविक होते, आणि तो आला.

१०/ म्हणूनच राष्ट्रीय वृत्तीच्या वृत्तपत्रांनी, ज्यांत पुण्याचे ‘मराठा’ आणि ‘केसरी’ही होते, कारखाना-कायद्याला विरोध केला. देशी उद्योगाची मान मुरगळण्याचा हा डाव आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मँचेस्टरच्या हेतूविषयी ते चुकीचे नव्हते. पण हेतू मलिन असला म्हणून साच्यापाशी उभे असलेले मूल खोटे ठरत नव्हते, आणि या एका बाबतीत टिळकपक्षाच्या पत्रांपेक्षा ‘दीनबंधु’ची नजर अधिक स्वच्छ होती. त्याकडे पुढे येऊच.

११/ अखेर १८८१ चा पंधरावा कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना काम देण्यास बंदी. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास, त्यांना एक तासाची विश्रांती आणि महिन्यातून चार सुट्या. धोक्याच्या यंत्रांना कठडे. प्रौढ स्त्रिया व पुरुष यांच्या तासांविषयी अवाक्षर नाही.

१२/ आणि व्याख्या? यांत्रिक शक्तीवर चालणारी, वर्षातून किमान चार महिने सुरू असणारी, एका वेळी किमान शंभर माणसे कामावर ठेवणारी जागा म्हणजे कारखाना. नीळ, चहा आणि कॉफीच्या मळ्यांवरील कारखाने वगळलेले. हे मळे बहुतांशी युरोपीयांच्या मालकीचे होते, एवढे येथे नोंदवून पुढे जाणे पुरे.

१३/ हा ‘शंभर’चा आकडा खानदेशात कसा उतरला ते पाहण्यासारखे आहे. जळगाव आणि परिसरात कापसातून सरकी काढणारे जिनिंगचे कारखाने हंगामापुरते चालत. कित्येकांत शंभरांहून कमी माणसे असत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते कारखानेच नव्हते. १८८४ च्या आयोगापुढे याच कारखान्यांविषयी जी साक्ष झाली ती त्या काळच्या सरकारी कागदांतील सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या पानांपैकी आहे. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत काम, आणि हंगामाच्या ऐन भरात रात्रंदिवस काम. राबणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. निरीक्षक तेथे जाऊन काय करणार? त्याच्या वहीत त्या जागेला रकानाच नव्हता.

१४/ आता निरीक्षकाविषयी. कायद्याने निरीक्षक नेमण्याची मुभा प्रांतिक सरकारांना दिली. कोणी नेमला नाही तर जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट हाच पदसिद्ध निरीक्षक. मुंबई सरकारने १८८२ मध्ये इंग्लंडच्या कारखाना-तपासणी खात्यातून मीड-किंग या अनुभवी अधिकाऱ्याला उसनवारीवर आणले. आपल्या अहवालात त्याने कायद्यातील भगदाडेच मोजून दाखवली. स्त्रियांच्या तासांना मर्यादा नाही, मुलांचे किमान वय फार कमी. ज्या कायद्याची अंमलबजावणी करायला त्याला बोलावले, तो कायदाच अपुरा आहे, असा दाखला त्याने देऊन टाकला.

१५/ इतरत्र चित्र वेगळे होते. जिल्ह्याचा कलेक्टर महसूल पाही, दुष्काळ पाही, खटले चालवी, आणि उरलेल्या वेळात तो कारखाना-निरीक्षकही असे. उरलेला वेळ फारसा नसे. यंत्राला कठडा हवा तो कोठे, हवा खेळती आहे की नाही, हे समजण्याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नव्हते. त्यामुळे एकच कायदा मुंबईत जाचक वाटे आणि इतर कित्येक ठिकाणी ठाऊकही नसे.

१६/ मीड-किंगच्या शिफारशींमुळे १८८४ मध्ये मुंबई सरकारने पुन्हा आयोग नेमला, आणि या वेळी प्रथमच कामगारांनी स्वतः तोंड उघडले. दात मोजून घेण्यासाठी नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे हे एका गिरणीत भांडारपालाचे काम केलेले, सत्यशोधक विचारांचे आणि ‘दीनबंधु’ चालवणारे गृहस्थ. ‘दीनबंधु’ कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केले होते. १८८० मध्ये ते लोखंड्यांकडे मुंबईस आले.

१७/ २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळला सुपारीबागेत गिरणीकामगारांची सभा भरली. ५,५०० जणांच्या सह्यांचा अर्ज आयोगाकडे गेला. मागण्या अशा : रविवारची सुटी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन आणि कायमचा निकामी झाल्यास निर्वाहाची सोय. आज वाचताना या मागण्या किती माफक आहेत, हेच प्रथम जाणवते.

१८/ आयोगाने काही शिफारशी केल्या. सरकारने त्या बासनात ठेवल्या. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्रियांनी भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुटी मान्य केली. ही सुटी कायद्याच्या आधी मिळाली हे विसरले जाते. कोणत्याही निरीक्षकाने ती आणली नव्हती.

१९/ त्याच वर्षी बर्लिनमध्ये कामगारप्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली, आणि भारत सरकारने लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. बारा वर्षांपूर्वी ज्यांना विधेयक मांडू दिले नव्हते ते सोराबजी बंगाली या आयोगाचे सभासद होते, आणि मुंबईतील कामात लोखंडे त्यांच्या साहाय्याला होते. १८९१ चा अकरावा कायदा याच आयोगातून निघाला.

२०/ नव्या कायद्यात किमान वय नऊ झाले. नऊ ते चौदा वयाच्या मुलांना सात तास, स्त्रियांना अकरा तास, सर्वांना साप्ताहिक सुटी. आणि आकडा शंभरावरून पन्नासावर आला. प्रांतिक सरकारला वाटल्यास तो वीसपर्यंत खाली आणण्याची मुभा मिळाली. एका लेखणीच्या फटकाऱ्यात कित्येक इमारती कारखाने ठरल्या.

२१/ वय वाढले तशी दाखल्याची किंमतही वाढली. मूल नऊचे की आठचे, चौदाचे की तेराचे, यावर घरातल्या चुलीचा हिशोब अवलंबून. आईबाप वय वाढवून सांगत, जॉबर कानाडोळा करी, आणि उपाशी वाढलेल्या मुलाच्या दाढा उशिरा येत, त्यामुळे दाखला देणारा डॉक्टरही अंधारात चाचपडे. एका गिरणीत सकाळी आणि दुसरीत दुपारी, अशा दुहेरी कामाच्या तक्रारी होत्या. निरीक्षक येतो आहे असे कळताच लहान मुलांना नजरेआड करण्याचे प्रकारही घडत. या सगळ्यात खलनायक शोधणे सोपे नाही. ज्या आईने सात वर्षांच्या मुलाला नऊचे म्हणून उभे केले, तिच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता, याचे उत्तर कोणत्याही अहवालात सापडत नाही.

२२/ मग वीज आली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्यास्ताची जुनी मर्यादा निरर्थक झाली. प्रौढ पुरुषाच्या तासांवर कायद्याचे बंधन नव्हतेच. दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. १९०५ मध्ये त्याविरुद्ध मुंबईत असंतोष भडकला. १९०६ मध्ये फ्रीअर-स्मिथ समिती आणि १९०७-०८ मध्ये कारखाना-कामगार आयोग नेमला गेला.

२३/ या आयोगाने तपासणीविषयी जे सांगितले ते निरीक्षकाच्या इतिहासात निर्णायक आहे. पदसिद्ध निरीक्षकांना वेळही नव्हता आणि विशेष ज्ञानही नव्हते, त्यामुळे कायदा अनेक ठिकाणी कागदावरच राहिला, हे आयोगाला आढळले. आयोगाचे सभासद डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून प्रौढ पुरुषांच्याही तासांवर थेट मर्यादा हवी असा आग्रह धरला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली, मुलांचे तास सहावर आणले, वयाबरोबर प्रकृतीच्या दाखल्याची अट आणली. पूर्णवेळ निरीक्षकांची संख्याही वाढू लागली.

२४/ यानंतरचा प्रवास झपाट्याने सांगता येतो. १९२२ : किमान वय बारा, आठवड्याला साठ तास, आकडा वीस. १९३४ : बारमाही कारखान्यांत चोपन्न तास. १९४६ : अठ्ठेचाळीस. बॉयलरांचेही असेच झाले. सात प्रांतांचे सात कायदे, एका प्रांतात चालणारा बॉयलर दुसऱ्यात नापास. या गोंधळावर १९२१ मध्ये समितीने बोट ठेवले आणि १९२३ चा अखिल भारतीय बॉयलर कायदा झाला.

२५/ स्वतंत्र भारताचा १९४८ चा कारखाना कायदा १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला. त्याच महिन्यात भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तपासणीविषयक ८१ व्या कराराला मान्यता दिली. कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्याचे दार पूर्ण बंद केले. आता जागेची पूर्वपरवानगी, नकाशाची मंजुरी, नोंदणी आणि परवाना या चार पायऱ्यांविना कारखाना उभा राहू शकत नव्हता. यांत्रिक शक्ती असेल तर आकडा दहा, नसेल तर वीस.

२६/ या कायद्याच्या आठव्या कलमात एक जुना पाहुणा बसलेला दिसतो. प्रत्येक जिल्हा मॅजिस्ट्रेट आपल्या जिल्ह्याचा निरीक्षक असेल, असे ते कलम म्हणते. १८८१ ची पदसिद्ध व्यवस्था, जिच्यावर १९०८ च्या आयोगाने कोरडे ओढले, तीच. आणि सदुसष्ट-अडुसष्टच्या आसपासची कलमे चाळली तर किशोरवयीन कामगाराला लागणारा डॉक्टरचा दाखला आणि अंगावर बाळगायचा बिल्लाही भेटतो.

२७/ ३ डिसेंबर १९८४ च्या पहाटेपर्यंत परवाना म्हणजे बहुधा भिंतीवर टांगलेला कागद होता. भोपाळच्या कारखान्याकडे परवाना होता. त्याची तपासणी करणाऱ्या कार्यालयात मोजके निरीक्षक होते, तेही यंत्र अभियांत्रिकीचे. मिथाइल आयसोसायनेटची टाकी वाचता येईल असे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. १८८० च्या दशकातील कलेक्टरचीच ही अडचण, शंभर वर्षांनी आणि कितीतरी पटीने महाग. १९८७ मध्ये धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण कायद्यात आले आणि कारखान्यात कोणती रसायने आहेत हे कामगारांना व आसपासच्या वस्तीला सांगणे मालकावर बंधनकारक झाले.

२८/ दरम्यान, निरीक्षकाची दुसरी प्रतिमाही तयार झाली होती. पाकीट घेऊन शेरा बदलणारा, लहान उद्योजकाला रजिस्टरांच्या ढिगाऱ्याखाली दाबणारा. ‘इन्स्पेक्टर राज’ हा शब्द उगाच रूढ झाला नाही. छोटी कार्यशाळा चालवणाऱ्या अनेकांच्या अनुभवातून तो आला. २०१४ मध्ये केंद्राने कोणी कोठे तपासणीस जायचे हे संगणकाने ठरवण्याची आणि बहात्तर तासांत अहवाल चढवण्याची पद्धत सुरू केली. २०२० च्या सुरक्षाविषयक संहितेत तर पदाचे नावच बदलले : निरीक्षक-नि-सुविधाकार.

२९/ महाराष्ट्राने त्याआधीच, २०१५ मध्ये, कारखाना कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली होती. लहान उद्योगांवरचा भार हलका व्हावा हा त्यामागचा युक्तिवाद होता, आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. मात्र मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट झाले, तेव्हा कोणता कारखाना कोणी, केव्हा, कशासाठी तपासला होता, हाच प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला.

३०/ त्या २०१५ च्या दुरुस्तीने यांत्रिक शक्ती नसलेल्या जागांसाठी कामगारांची किमान संख्या विसावरून चाळीस केली. यांत्रिक शक्ती असलेल्यांसाठी ती दहावरून वीस झाली. शंभर, पन्नास, वीस, दहा असा खाली उतरत आलेला आकडा महाराष्ट्रात पुन्हा १९२२ च्या पायरीवर जाऊन थांबला. २०२० च्या संहितेत साऱ्या देशासाठी हाच आकडा आहे.